आधी डॉक्टर, मग माती

आमदार झाल्यावर माणसाला पहिली गोष्ट कळते ती ही, की चांगली बातमी सांगायला आपल्याला कुणी फोन करत नाही. फोन येतो तो विजेची डीपी जळाली म्हणून, पुलाचा कठडा वाहून गेला म्हणून, नाहीतर पीएचसीत डॉक्टर नाही म्हणून. माझी बायको म्हणते, तुमचा फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते, मग कानोसा घेते. माझा स्वभाव तापट. राग आधी येतो, अक्कल मागून हळूहळू चालत येते. त्यामुळे तिचं देवाचं नाव घेणं कुणासाठी असतं हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी फोन आला तेव्हा मी अकोल्यात एका बैठकीत होतो. दसरा तोंडावर आलेला, परतीचा पाऊस काही केल्या परतत नव्हता, सोयाबीनच्या गंज्यांना खालून कोंब फुटत होते. अधिकारी मंडळी ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून’ होती. फोनवर माझ्याकडच्या एका गावचा पोलीस पाटील होता.

“भाऊ, इज पडली. बाभईखाली बांधली होती जोडी. जागच्या जागी गेली.”

वीज पडली म्हटल्यावर आधी माणसं वाचली का, ते विचारलं. वाचली होती. कुणाची बैलजोडी म्हटल्यावर त्यानं सांगितलं आणि मी बैठक सोडून उठलो. कारण त्या नवराबायकोचं एक काम मी माझ्या पहिल्या निवडणुकीपासून डोक्यावर घेऊन फिरत होतो.

त्यांचं वावर नाल्याच्या काठाला. नवऱ्याच्या, म्हणजे म्हातारबांच्या, वडिलांपासून ते वाहतात, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. आमच्याकडे तिला ई-क्लास जमीन म्हणतात, म्हणजे गावची गुरं चरायला ठेवलेली. तिथं गुरं कधी चरली हे आज गावात जिवंत असलेल्या कुणाला आठवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्यांच्या नावानं असल्या जमिनीचे पट्टे करून द्या, म्हणून मी कंठशोष करत आलो होतो. एकदाची फाइल हलली, पण अट घालून. तपासणीच्या दिवशी जेवढी जमीन घरचे लोक स्वतः वाहताना दिसतील, तेवढ्याचाच पट्टा मिळणार. पडीक दिसली ती सरकारजमा, बटईनं दुसऱ्याला दिलेली दिसली तीही सरकारजमा. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून मी ती अट गिळली होती.

आता बैलाविना वाहायचं कसं? गावात ट्रॅक्टर आहेत, नाही असं नाही. पण त्या वावराकडे जाणारी पांदण पावसाळाभर लोण्यासारखी मऊ असते. एकदा ट्रॅक्टर रुतला होता, तो काढायला दुसरा गेला, तोही रुतला. नाल्याकडचा सखल भाग तर दिवाळीपर्यंत ओला असतो. तिथं बैलच लागतात.

आणखी एक होतं. सातबारा नावावर नाही म्हणून पीक बुडालं तरी या घराला आजवर मदत मिळाली नव्हती. जनावर दगावलं तर मात्र सातबारा लागत नाही. बैल कुणाचा ते गाव सांगतं. सरकारी मदतीतली ही एकच वाट त्या घराच्या दारापर्यंत सरळ जात होती. ती मिळाली तर नवी जोडी येईल, जोडी आली तर हरभऱ्यासाठी वावर वाहून होईल, वावर वाहिलेलं दिसलं तर पट्टा होईल. गाडीत बसता बसता मी हे सगळं मनात जुळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरला त्याच्या घरून उचललं आणि माझ्याच गाडीत घातलं. उगाच वरातीमागून घोडं नको.

पोलीस पाटील पांदणीच्या तोंडाशी उभा होता, चेहऱ्यावर समाधान. “भाऊ, सगळं नीट केलं. अख्ख्या गावानं हात लावला.”

काय नीट केलं ते मला आधी कळलंच नाही. चिखल तुडवत वावरात पोचलो तेव्हा दिसलं. नाल्याकडच्या सखल भागातल्या बाभळीचं खोड शेंड्यापासून बुडापर्यंत सोलून निघालेलं, आणि तिच्या बाजूला ताज्या काळ्या मातीचा मोठा उंचवटा. त्यावर हळदकुंकू आणि फोडलेला नारळ. मी कपाळावर हात मारला.

आमच्याकडे घरचा बैल गेला तर त्याला कुणाच्या हवाली करत नाहीत. आपल्याच वावरात खड्डा खणायचा, मीठ टाकायचं, घरधनिणीनं हळदकुंकू लावायचं, वेसण कापायची, म्हणजे तू आता सुटलास, आणि गावानं मिळून माती लोटायची. हे सगळं दिवस मावळायच्या आत. ज्याचा बैल उघड्यावर रात्र काढतो त्या घराला गाव नावं ठेवतं. या लोकांनी भर पावसात, खणलेल्या खड्ड्यात पाणी भरत असताना, ते घमेल्यानं उपसून बैलांची आणि त्या घराची लाज राखली होती. पंचनाम्याचा विचार एकाच्याही मनात आला नाही. घरातलं कुणी गेल्यावर पहिला फोन कुणी तहसीलला करतो का?

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. तो उंचवट्याभोवती एक चक्कर मारून आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, मी तपासू काय?”

“झाड पाहा. गावाला विचारा.”

“झाड मी लिहीन. पण जनावर विजेनंच मेलं हे पोस्टमार्टेम केल्याशिवाय मला लिहिता येत नाही. निदान कानातले बिल्ले तरी काढून ठेवले असते.”

बिल्ले बैलांबरोबर मातीत गेले होते. मी तहसीलला फोन लावला. पलीकडच्या माणसाशी मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “साहेब, आज हे मान्य केलं तर उद्या कुणीही म्हातारा बैल बाजारात विकेल आणि मातीचा ढीग दाखवून वीज पडली म्हणेल. तेव्हा मला कोण वाचवणार? तुम्ही?” राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. असले महाभाग आमच्याकडेही आहेत, आणि त्यांतले एक-दोन माझ्याच प्रचाराच्या गाडीवर बसून फिरलेले आहेत.

“उकरावं लागेल,” मी म्हणालो.

म्हातारबा तेवढे उठले. माणूस पहिल्यापासून अबोल. त्यांनी धुऱ्याच्या बांधाला टेकवलेलं फावडं उचललं आणि उंचवट्याकडे निघाले. त्यांची बायको बाभळीजवळ उभी होती. ती रडत नव्हती.

“फावडं ठेवा,” ती नवऱ्याला म्हणाली.

मी पुढं झालो. “वयनी, घटकाभराचं काम हाय. डॉक्टर पायतील अन्‌ आपन जसंच्या तसं लोटून देऊ. मी सोता उभा राह्यतो.”

“भाऊ, ज्या हातानं म्या त्यायची येसन कापली, त्या हातानं पुन्हा वर काढू?”

“तुमी नका काढू. गावातले पोट्टे काढतीन.”

“थे तं आनखीनच झालं.” ती थांबली. मग माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, “या वावराच्या कागदावर आमचं नाव नाई. तुमी कवाचे मांगं लागून राह्यले, मले मालूम हाय. लागन तवा लागन. पन माया सासऱ्याची पयली जोडी इथीच हाय. त्याच्यानंतरच्या बी इथीच हायेत. आमी याले आमचं वावर म्हनतो थे काहून म्हनतो? कागद पाहून म्हनत नाई. अन्‌ आता त्यायलेच उकरून सरकारले दाखवू?”

मला तिचा राग आला. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. मी तिच्यासाठी भांडत होतो आणि ती माझ्या हातातलं हत्यारच काढून घेत होती. माझा आवाज चढला. “अन्‌ उद्या तपासनीले वावर पडीक दिसलं तं? वावर जाईन ना, वयनी! मंग मी कोनाच्या नावानं बोंबलू?”

“जाईन तं जाईन.”

म्हातारबांनी फावडं बाभळीला टेकवलं आणि खाली बसले. विषय संपला. गावातल्या लोकांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की ते सगळे तिच्या बाजूचे आहेत, आणि मी त्यांच्याच मतांवर निवडून आलेला असलो तरी या बाबतीत परका आहे. निघताना तिनं आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. डॉक्टरला बशीत जास्तीची बिस्किटं दिली. परतीच्या वाटेवर मी त्या पोरावर विनाकारण डाफरलो.

हिवाळी अधिवेशनात नागपूरला मी हा प्रश्न मांडला. वेळ मिळाला तो अगदी शेवटी, निम्मं सभागृह जेवायला गेल्यावर. पुरलेल्या जनावरासाठी गावच्या पंचांची साक्ष ग्राह्य धरा, एवढंच माझं म्हणणं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘बैलाचं पोस्टमार्टेम’ असं म्हणून हसलं. माझं डोकं सटकलं. मी त्याच्या सात पिढ्यांना बैल जुंपता येत होता का, असं काहीतरी विचारलं. मला खाली बसायला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा चढलेला आवाज आला, बैल आले नाहीत. उत्तरात सांगितलं गेलं की सध्याची पद्धत पुरेशी आहे, लोकप्रतिनिधींनी शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करावी.

ठीक आहे म्हटलं, करतो जनजागृती. मी एखादी गोष्ट मनावर घेतली की मागं हटत नाही, हा गुण की दोष ते मतदार ठरवतात. गावोगावी ग्रामसभेत, बाजाराच्या दिवशी, सप्त्याच्या जेवणावळीत, जिथं दहा माणसं दिसतील तिथं मी सांगू लागलो: वीज पडली, पूर आला, जनावर दगावलं, तर हात लावू नका. आधी डॉक्टर, मग माती. वाक्य लोकांना आवडलं. कुणीतरी त्याचे फलक केले. धारणीकडच्या एका सहकाऱ्यानं तेच वाक्य माझा फोटो काढून स्वतःचा लावून छापलं, त्याचंही मला बरंच वाटलं. नुसतं वाक्य सांगून लोकांना पटत नाही, म्हणून मी उदाहरण द्यायचो. एका गावात अशी चूक झाली, म्हणायचो, भावनेच्या भरात जोडी गाडून टाकली आणि हातची मदत गेली. गावाचं नाव घेत नव्हतो. वऱ्हाडात नाव घ्यावं लागत नाही, दोन बाजारांत सगळ्यांना सगळं कळतं.

वैशाखात वादळ झालं. अकोल्याच्या बाजूच्या एका गावात गोठ्यावर वीज पडून एक बैल गेला. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. लांबूनच वास आला. गोठ्यासमोर निळी ताडपत्री, तिच्या कडांवर विटा ठेवलेल्या, आणि बाजूला मालक काठी घेऊन बसलेला. कुत्री जरा अंतर ठेवून बसली होती. त्या भागातल्या डॉक्टरकडे चार दवाखान्यांचा भार होता आणि तो नेमका रजेवर होता.

मला पाहून मालक उठला. डोळे लाल झालेले, झोप नव्हती. पण बोलण्यात अभिमान होता. “भाऊ, तुमी सांगतलं तसंच केलं. कोनालेच हात लावू नाई देल्ला. मायी बायको दोन दिवसांपासून भांडून राह्यली, पन म्या आयकलं नाई.”

त्याची बायको दारात उभी होती, हातात हळदकुंकवाचं ताट. तिनं पुढं यायचा प्रयत्न केला, पदर नाकाला लावला, चार पावलं आली आणि थांबली. मग ताट तिथंच जमिनीवर ठेवून ती घरात निघून गेली.

मी शिव्या घालत फोन केले आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यातून डॉक्टर आणवला. त्याचं काम झाल्यावर बैल उचलायला कुणी पुढं येईना. गावाचा दोष नाही, उचलण्यासारखं उरलंच नव्हतं. शेवटी जेसीबी बोलावला. त्यानं गावाबाहेर खड्डा केला, ताडपत्रीसकट बैल ढकलला, वरून माती ओढली आणि निघून गेला. वेसण कापायची राहिली. मदत मात्र वेळेवर मंजूर झाली. पुढं तालुक्याच्या एका कार्यक्रमात त्या मालकानं माझा सत्कार केला, आणि मी मान खाली करून हार घालून घेतला.

इकडे नाल्याकाठचं ते वावर. जोडी गेली त्या वर्षी शेजाऱ्यांनी आपापल्या जोड्या देऊन मदत केली, पण जो तो आधी आपलं उरकून मग दुसऱ्याकडे येणार. वाफसा, म्हणजे मातीतला पेरणीजोगा ओलावा, कुणासाठी थांबत नाही. वरचं अर्धं वावर पेरून झालं, नाल्याकडचं राहिलं. पुढच्या खरिपात पुन्हा तेच. सखल भागात तरोट्याचं तण माजलं, कुंदा पसरला. म्हातारबांनी विळा घेऊन एकट्यानं काढायचा प्रयत्न केला आणि पाठ धरली, तेव्हा तेही थांबलं. एक गोऱ्हा तरी घ्या, पैशाचं मी पाहतो, असं मी दोनदा सांगितलं. बाईनं दोन्ही वेळा चहा दिला आणि विषय बदलला.

तपासणीचा दिवस आला तो दिवाळीनंतर. तलाठी आला, पंच आले, मीही गेलो. खरं तर मी जाऊन करणार काय होतो? अट मीच गिळलेली. त्यांनी वावर पाहिलं, वहितीचा भाग कुठवर ते पाहिलं आणि मधोमध चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या वरचं त्या घराचं. खालचं पडीक, म्हणजे सरकारजमा. बाभूळ, तिथं पुरलेले सगळे बैल, सासऱ्याच्या पहिल्या जोडीपासूनचे, रेघेच्या खाली राहिले. मी तलाठ्याला बाजूला घेऊन म्हटलं, निदान तो कोपरा तरी वर घ्या. त्यानं मला तरोटा दाखवला. छातीएवढा उंच वाढलेला होता.

म्हातारबांनी सही केली. “अर्धं तं अर्धं, भाऊ,” ते म्हणाले. नावावर जमीन नसलेल्या माणसाला अर्ध्याचाही आनंद होतो, आणि तो खरा असतो. पंच निघून गेले. त्यांची बायको मात्र रेघेजवळच उभी होती. मी नमस्कार करून निघावं म्हणून तिच्याकडे गेलो.

“भाऊ, तुमी गावोगाव सांगून राह्यले म्हने, आदी डॉक्टर बोलवा, मंग गाडा.”

“हो वयनी.”

“आमचं उदाहरन देता म्हने.”

मी चपलेला लागलेला चुना झटकू लागलो.

“मंग आमी चुकलो का?”

मला चुन्याची ती रेघ दिसत होती आणि तो अकोल्याकडचा जेसीबीही दिसत होता. “नाई वयनी,” मी म्हणालो, “तुमी नाई चुकल्या.”

तिनं मान हलवली. रागानं नाही. “मंग हे बी सांगत जा ना सभेत.”

मी हो म्हटलं. त्यानंतर सभा पुष्कळ झाल्या. प्रत्येक वेळी ते वाक्य तोंडाशी येतं. पण समोर बसलेल्यांत दावणीला जोडी असलेला कुणी ना कुणी असतोच. त्या बाईनं बरोबर केलं असं त्याला सांगितलं तर उद्या वीज पडल्यावर तो रिकाम्या हातानं घरी बसेल. ती चुकली असं म्हणायला आता जीभ रेटत नाही. म्हणून हल्ली मी उदाहरण देत नाही. सूचना तेवढी सांगतो आणि खाली बसतो.